शकुअक्काचा इंग्रजी जबाब

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

रक्तदाब १७० वर ११०. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, राग गिळू नका आणि लोकांवर काढूही नका. वहीत लिहा." मी म्हटलं, मग दोनशे पानी वही लागेल. त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

तर आजचा राग पप्पूवर. वडगावात त्याच्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर माझं टेबल आहे. लोकांचे इंग्रजी अर्ज मी लिहितो, पप्पू टाइप करतो. आज मी पाणी प्यायला उठलो तेवढ्यात एकाचा अर्ज त्यानं स्वतःच्या अकलेनं ठोकला. त्या माणसाच्या आईची पिशवी एसटी स्टँडवर मारली होती. पप्पूनं टाइप केलं, "माय मदर वॉज स्टोलन." म्हणजे आईच चोरून नेली! मी त्याला समजावलं, बाबा रे, वस्तू स्टील होते, माणूस रॉब होतो. पिशवी चोरली तर पिशवी स्टोलन, आई रॉब्ड. पप्पू म्हणाला, "भाऊ, गेलं ते गेलं, सायबाला कळल्याशी मतलब." असल्या लोकांमुळे देश मागे आहे.

तळेगावच्या कारखान्यात स्टोअरला एकतीस वर्षं काढली मी. चोरीचे शब्द मला शिकवू नयेत कुणी. कामगारानं खिशातून दोन बोल्ट नेले की रजिस्टरमध्ये मी लिहायचो पिल्फरेज. बाहेरच्यानं नेलं की थेफ्ट. साहेबाच्या घराला आमच्या गोडाऊनमधले पत्रे लागले की शॉर्टेज. आणि साहेब फारच सापडला तर मिसअप्रोप्रिएशन. शब्द जेवढा लांब तेवढा माणूस मोठा. हे मला तेव्हाही चीड आणायचं, पण मी शब्द कधी चुकवला नाही.

शनिवार, ११ जानेवारी

आज शकुअक्का भाजेला आमच्या घरी आली. माझी मावसबहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती आणि जानूभाऊजी औंढ्याला एका बंगल्याची राखण करतात, आवारातल्याच दोन खोल्यांत राहतात. चौदा वर्षं झाली. जुने मालक वारले, आता त्यांचा मुलगा प्रज्ञेश पुण्याहून बघतो. शनिवार-रविवार बंगला भाड्यानं जातो.

येताना पिशवीभर पावट्याच्या शेंगा आणल्या होत्या. बसायच्या आधीच बोलायला लागली.

"सुहास, बंगल्यात चोरी झाली रं. टीवी न्हेला, गाण्याची पेटी न्हेली, चांदीची ताटं न्हेली. प्रज्ञेशदादा म्हणतोय, इमा कंपनीला विंग्रजीत जबाब पायजे तुमचा."

दोन तारखेला, गुरुवारी सकाळी, ती झाडायला बंगल्यात गेली तर स्वयंपाकघराची मागची खिडकी फुटलेली, जाळी वाकवलेली. शुक्रवारी संध्याकाळी पाहुणे यायचे होते. तर या बाईनं काय करावं? काचा झाडल्या. जाळी भाऊजींनी हातोडीनं ठोकून सरळ केली. लोणावळ्याहून काचवाला बोलावून दुपारपर्यंत नवी काच बसवली, पैसे पदरचे घातले. आणि मग मालकाला फोन केला.

"अगं, काचा कशाला झाडल्यास?" मी ओरडलोच.

"आता! पाव्हण्यांची दोन बारकी पोरं व्हती. पायाला लागली आसती म्हंजे?"

प्रज्ञेश फोनवर म्हणाला म्हणे, "शाबास मावशी. पाहुण्यांना काही बोलू नका, नाहीतर बुकिंग जाईल. पोलिसांचं मी सोमवारी बघतो." आणि सोमवारी त्यानं चोरी झाल्याची साधी खबर दिली.

मी जबाब लिहिला. अक्का काच, जाळी, झाडू, हातोडी, काचवाला असं पाऊण तास सांगत होती. ते सगळं मी गाळलं. इंग्रजी मोजकं असावं. "अमुक दिवशी सकाळी मी पाहिलं असता खालील वस्तू चोरीस गेल्याचे आढळले," एवढंच, पण भारदस्त. थेफ्ट लिहावं की बर्गलरी, यावर जरा थांबलो. घर फोडून केली तर बर्गलरी, हे मला ठाऊक आहे. पण तो शब्द मला सिनेमातला वाटतो. थेफ्टला वजन आहे. थेफ्ट लिहिलं.

अक्कानं साक्षरता वर्गात शिकलेल्या अक्षरात सही केली, एकेक काना जपून. म्हणाली, "तू ल्हिलंयस म्हंजे बरोबरच आसंल."

ती गेल्यावर शालन म्हणाली, "तिला मराठीत वाचून दाखवलंत का?" बायकोला इंग्रजीतलं काय कळतंय? तिला सांगितलं, तू शेंगा सोल.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घ्या गोड बोला. कुणाशी गोड बोलावं असं माणूस सापडलं नाही.

अक्काचा फोन आला होता. उद्या विमा कंपनीचा माणूस बंगला बघायला येणार म्हणून तिनं आजच सगळ्या खिडक्या साबणानं धुऊन काढल्या. आनंदानं सांगत होती.

शुक्रवार, १७ जानेवारी

आज प्रज्ञेश स्वतः वडगावला टेबलाशी आला. पांढरी गाडी, पप्पूच्या दुकानासमोर मावेना. मला "सर" म्हणाला. कारखान्यात एकतीस वर्षांत कुणी म्हणालं नाही.

म्हणाला, कंपनीचा माणूस येऊन गेला. नुसत्या थेफ्टला पैसे मिळत नाहीत, घर फोडल्याची खूण लागते. खिडकीला नवी काच, जाळी सरळ, सगळं लखलखीत. आणि तुमच्या जबाबात काचेचा उल्लेखच नाही. आता घातला तर मागाहून सुचलेलं वाटेल.

माझ्या कपाळावरची शीर उडायला लागली. पण मी काय म्हणतो, चूक कुणाची? काचा झाडल्या कुणी? खिडक्या धुतल्या कुणी? मी जे होतं ते लिहिलं. असं मी त्याला स्पष्ट सांगितलं, आणि तो म्हणाला, "अर्थातच सर, तुमचं इंग्रजी फर्स्ट क्लास आहे. आमच्या ऑफिसातही असं कुणी लिहीत नाही." मुलगा समजूतदार आहे, उगाच बोललो त्याला.

त्याला आता एक पुरवणी जबाब हवाय, किल्लीबद्दल. किल्ली कुणाकडे असते, आणखी कुणाला दिली जाते का. मी म्हटलं, ते मी झोपेतही लिहीन. अक्काची किल्ली म्हणजे सगळ्या औंढ्याला ठाऊक आहे. चौदा वर्षं कमरेला, नेसणीत खोचलेली. भाचीच्या लग्नात हळद लागताना काढली नाही. जानूभाऊजींच्या हातात दिली नाही. दुसरी किल्लीच नाही, जुन्या मालकांनीच तशी व्यवस्था ठेवली होती. "हेच, अगदी हेच लिहा," प्रज्ञेश म्हणाला. "मावशींचा प्रामाणिकपणा दिसू दे."

लिहिलं. आजवर लिहिलेल्यांत उत्तम. किल्ली केवळ तिच्याच ताब्यात विश्वासानं सोपवलेली होती, एक क्षणही तिच्या अंगावेगळी झाली नाही, तिच्याखेरीज कोणाही व्यक्तीला बंगल्यात प्रवेश शक्य नव्हता. "एक्स्क्लुझिव्हली एन्ट्रस्टेड". असा शब्द पडला की कागद आपोआप उभा राहतो.

प्रज्ञेश पॉलिसीची झेरॉक्स माझ्याकडेच ठेवून गेला, शब्द जुळवायला. पहिली दोन पानं वाचली. बर्गलरी, हाउसब्रेकिंग, हायजॅक, एकेकाची व्याख्या. इंग्रज माणूस चोराचंही किती शिस्तीनं वर्गीकरण करतो!

रविवार, १९ जानेवारी

औंढ्याला जाऊन अक्काची सही आणली. तिनं चहा केला, मालकाच्या कपात नव्हे, तिच्या स्वतःच्या. बंगल्यातला कप ती कधी वापरत नाही. "काय ल्हिलंयस?" तिनं विचारलं. म्हटलं, तुझी स्तुती लिहिली आहे. लाजली आणि सही केली.

शालनचं परत तेच. "तिच्याशिवाय कुणी आत जाऊच शकत नव्हतं असं लिहिलंत? मग चोर कुठून आला?" मी म्हटलं, खिडकीतून. ती म्हणाली, "ते कुठं लिहिलंय?" मी जेवलो नाही.

शनिवार, २५ जानेवारी

आज डोकं फुटायची वेळ आली आहे. डॉक्टरीणबाईंनी बघावी ही वही.

काल पोलिसांनी अक्काला बोलावलं. चार तास बाकावर बसवलं. प्रज्ञेशनं तक्रार अर्ज दिलाय: घरातल्या नोकराणीनं चोरी केली. पुरावा म्हणून काय जोडलंय? माझे दोन जबाब. अंमलदारानं तिला मराठीत अर्थ सांगितला, "आजी, तुम्हीच लिहून दिलंय की तुमच्याशिवाय कुणी आत जाऊ शकत नव्हतं." अक्का म्हणाली, "म्या न्हाई, माझ्या भावानं ल्हिलंय." जानूभाऊजींनी हे मला फोनवर सांगितलं. अक्का फोनवर आली नाही.

मी पॉलिसी काढली आणि तिसरं पान वाचलं. आठ दिवस माझ्या टेबलाच्या खणात होतं! घर फोडून चोरी झाली तर पैसे. घर न फोडता झाली तर पैसे नाहीत. पण घरातल्या नोकरानं केली आणि त्याच्या नावानं पोलिसांत तक्रार असेल, तर पैसे. लार्सेनी बाय डोमेस्टिक सर्व्हंट. इतका गुळगुळीत शब्द की जिभेवरून घसरतो.

म्हणजे अक्का चोर ठरली की प्रज्ञेशला टीव्ही मिळतो. एवढा सरळ हिशेब. तो मला सर म्हणाला, कोपरापासून हात जोडले, आणि माझ्याकडून माझ्याच बहिणीच्या गळ्याला फास वळून घेतला. मी तो चांगला घट्ट, सुबक वळून दिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तशातला प्रकार. फाशीची दोरी मात्र संन्याशाच्या घरची.

हरामखोर. हा शब्द कोणत्या डिक्शनरीतून आणू? आणि तो आधी कुणासाठी वापरू?

मी पप्पूला टाइपिंगवरून शिव्या घालत होतो. त्यानं आई चोरीला गेली लिहिलं तरी आईचं काही गेलं नाही. माझं व्याकरण बिनचूक होतं आणि अक्का लुटली गेली. टीव्ही स्टील झाला, ती रॉब झाली. चौदा वर्षांचं नाव. औंढ्यात आज दोन बायका तिच्याकडे बघून पदर तोंडाला लावून बोलत होत्या म्हणे.

शालननं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

सोमवार, २७ जानेवारी

सकाळी सातला स्कूटर काढली आणि थेट औंढ्याला गेलो. अक्का खोलीच्या आत होती, बाहेर आली नाही. जानूभाऊजी ओट्यावर बसले होते. त्यांना म्हटलं, काचवाल्याचं नाव सांगा, पावती आहे का?

"पावती कसली आलीय. फोटू हाय की."

"कसला फोटो?"

"माप न्यायला तो कशापायी येईल दोनदा? म्हणला, फुटक्या खिडकीला मापाचा टेप लावा आन् फोटू धाडा. म्या धाडला."

त्यांचा मोबाइल बघितला. भाच्याचा जुना, काचेला तडा गेलेला. दोन जानेवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. फुटलेली खिडकी, आत वाकलेली जाळी, अर्धवट लोंबणारी काच, आणि तिच्यावर पिवळा टेप धरलेला अक्काचा हात. खाली फरशीवर काचांचा सडा.

मी किंचाळलो. अहो, एवढे दिवस हे का नाही बोललात?

भाऊजींनी शांतपणे विडी विझवली. "तू कवा इचारलंस? तू यायचास, सही घ्यायचास, जायाचास."

मग लोणावळ्याला गेलो. काचवाल्याच्या फोनमध्येही तोच फोटो, तीच वेळ. भला माणूस. म्हणाला, आजींनी मला काच बसवायच्या आधी जेवायला घातलं, वाट्टेल तिथं सांगायला येतो. अक्कानं चोरी झालेल्या दिवशीही त्या माणसाला जेवू घातलं होतं, आणि हे तिनं मला त्या पाऊण तासात नक्की सांगितलं असणार. मी तेव्हा बर्गलरी की थेफ्ट याचा विचार करत होतो.

बुधवार, २९ जानेवारी

पोलीस ठाण्यात अकराला सगळे जमलो. अक्का, जानूभाऊजी, काचवाला, मी. प्रज्ञेश साडेबाराला आला.

फौजदार बाई तिशीतल्या. काचवाल्याचा फोन त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि प्रज्ञेशपुढे धरला. मला वाटलं, आता याचं तोंड पडेल. तोंड पडलं? उजळलं!

"अरे, हे ग्रेट आहे! मग ही बर्गलरीच झाली ना मॅडम. क्लेम आता सरळ बसतो. मी तक्रार मागे घेतो, विषय संपला. मावशी, तो फोटो मला फॉरवर्ड करा."

मी खुर्चीवरून उठलो. काय काय बोललो ते पूर्ण आठवत नाही. चोर म्हणालो, दरोडेखोर म्हणालो, त्याच्या वडिलांचं नाव काढलं. फौजदार बाईंनी टेबलावर हात आपटला. "काका, खाली बसा. ते दोन जबाब तुमच्याच हातचे ना?" मी हो म्हटलं. माझ्या आवाजातला जोर तिथेच गेला. मग मी त्यांना सांगितलं की तिनं खिडकीचं सगळं सांगितलं होतं, मी गाळलं, आणि तिला काय लिहिलं ते वाचून दाखवलं नाही. हे त्यांनी लिहून घेतलं आणि मी सही केली. मराठीत चार ओळी झाल्या.

प्रज्ञेशनं तिथंच मोबाइलवर काहीतरी टाइप केलं. "आपसात समझोता. मावशींनी सही केली की झालं." इंग्रजीत होतं.

मी हात पुढे केला. "आण, मी वाचून सांगतो तिला." अक्का सकाळपासून माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. आता बोलली.

"तू न्हाई. तू भाईर बस."

"अगं अक्का, इंग्रजीत आहे ते..."

"भाईर बस म्हणलं ना."

साठीचा माणूस मी. ठाण्यातल्या सगळ्यांसमोर उठलो आणि बाहेर बाकावर जाऊन बसलो. याच बाकावर तिला चार तास बसवलं होतं. दार उघडंच होतं, आतलं ऐकू येत होतं.

"बाई, ह्ये मराठीत ल्ह्या. आन् एकेक वळ मला वाचून दावा."

फौजदार बाईंनी त्याचा मोबाइल पुढ्यात ठेवून कोरा कागद घेतला. लिहीत गेल्या, वाचत गेल्या. "सदर महिलेवर संशय आल्याने तक्रार दिली होती, आता संशय राहिलेला नाही..."

"थांबा. संशय ह्येला कवाच नव्हता. खिडकी फुटली त्ये म्या ह्येला त्याच दिशी फोनवर सांगितलं. ठावं आसून खोटा आळ घेतला, आसं ल्ह्या."

प्रज्ञेशचा आवाज चढला. असं कसं लिहिता येईल, मी वकिलांना विचारतो, मावशी तुम्ही कुणाशी बोलताय. अक्काचा आवाज चढला नाही.

"इचार वकिलाला. म्या बसली हाय. त्ये ल्हिल्याबिगर आन् तुझी सही झाल्याबिगर फोटू न्हाई मिळायचा. ह्येंच्या फोनात हाय त्यो आन् ह्या काचवाल्या दादाच्या. तुझ्या कंपनीला काय दावायचं त्ये बघ."

काचवाला म्हणाला, "आजी म्हणतील तेव्हाच देणार मी."

मग प्रज्ञेश फोन घेऊन बाहेर आला, माझ्यासमोरून दोन फेऱ्या मारल्या. मला सर म्हणाला नाही. आत गेला. फौजदार बाई वाचत होत्या, "...माहीत असूनही खोटा आळ घेतला, त्याबद्दल मी त्यांची माफी मागतो." अक्कानं ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग आणखी एकदा. मग म्हणाली, आता कर सही.

त्यानं केली. तिनं त्याखाली तिची केली. तिला वेळ लागतो, एकेक काना जपून. कुणी घाई केली नाही. नंतर ती म्हणाली, "शनिवारच्याला पाव्हणं येणार हायती. तंवर दुसरी बाई बघ. आमी उद्या खोल्या मोकळ्या करतो." आणि कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली असावी, तसा आवाज झाला.

मी उभा राहिलो. ती बाहेर आली, डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हटलं, अक्का, भाजेला चला दोघं, खोली रिकामीच आहे, शालननं निरोप दिलाय. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. रागानंही पाहिलं असतं तर मी ते घेतलं असतं.

"शालनला सांग, बरी हाय म्हणून."

जानूभाऊजींनी सायकल वळवून आणली होती. आमच्या घराण्यात निघताना बाईमाणूस "येती" म्हणतं. "जाती" कुणी म्हणत नाही, अशुभ असतं ते. माझ्या लग्नातून, माझ्या आईच्या मयतीतून, प्रत्येक दिवाळीतून अक्का माझ्या उंबऱ्यावर "येती रं सुहास" म्हणूनच गेली आहे.

आज ती कॅरिअरवर बसली, पदर खोचला, आणि म्हणाली, "जाती."